चौथीतल्या मुलीला क्लासला एकटीला पाठवायचंय. तयारी कशी करून घ्यावी?

निळी छत्री
मुलगी साडेनऊ वर्षांची, चौथीत. चित्रकलेचा क्लास घरापासून साधारण ६५० मीटरवर, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी ५ ते ६. पुण्यातलं उपनगर. वाट अशी: सोसायटीचं गेट, पुढे दोनेकशे मीटर गल्ली, मग एक दुपदरी रस्ता ओलांडायचा. दुभाजक नाही, सिग्नल नाही, झेब्र्याचे पट्टे कधीकाळी होते एवढंच. पलीकडे फुटपाथ, त्यातला निम्मा दुचाक्यांनी अडवलेला. मुलगी "मी एकटी जाते" म्हणून मागे लागली आहे. आजी-आजोबांचा ठाम नकार, नवरा "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो.
विचारायचंय ते असं: रस्ता ओलांडायला नेमकं कसं शिकवायचं आणि ती तयार झाली हे कशावरून ठरवायचं? फोन किंवा घड्याळ द्यावं का? आणि घरच्यांचं काय करायचं?
"आमच्या वेळी आम्ही दोन मैल चालत जायचो" हे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरीच भरपूर मिळतात.

पायवाट
आधी रस्ता तपासा, मुलगी नंतर.
दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. या वयाचं मूल न पळता चाललं तर सेकंदाला एक मीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे ओलांडायला साडेसहा सेकंद. पाऊल उचलण्याआधीची चलबिचल धरून साडेआठ. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर येते, म्हणजे साडेआठ सेकंदांत सुमारे ९५ मीटर. थोडक्यात, दोन्ही बाजूंना १०० मीटर मोकळे दिसले तरच निघायचं. त्या रस्त्याला गाड्या ५० ने पळत असतील तर १२० धरा.
"१०० मीटर" हे मुलाला कळत नाही, विजेचे खांब कळतात. दोन खांबांतलं अंतर पावलांनी मोजा. बहुतेक ठिकाणी ते २५ ते ३० मीटर भरतं. "चौथ्या खांबाच्या अलीकडे काहीही नको", हा तिचा नियम.
आता खरी कसोटी. क्लासच्या वेळी, पावणेपाचला, तिथे पंधरा मिनिटं उभ्या राहा आणि दोन्ही बाजू एकदम मोकळ्या किती वेळा मिळतात ते मोजा. मिनिट-दीड मिनिटात एकदा मिळत असेल तर जागा चालेल. तीन-चार मिनिटं ताटकळावं लागत असेल तर मूल कितीही हुशार असो, कंटाळून दुसऱ्या खांबावरची गाडी "लांब आहे" म्हणून पाऊल टाकणारच. मग मुलीला शिकवत बसू नका, ओलांडायची जागा बदला. सिग्नल दोनशे मीटर लांब असला तरी तिकडून न्या.

मुलं कुठे चुकतात ते असं:
१. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना गाडीचं अंतर कळतं, वेग नीट कळत नाही. लांबून भरधाव येणारी दुचाकी त्यांना "लांब आहे" एवढीच दिसते. दुचाकी अरुंद, त्यामुळे ती जवळ येतेय हेसुद्धा डोळ्यांना उशिरा जाणवतं. म्हणून खांबांचा नियम पाठ हवा, अंदाजावर सोडू नका.
२. उभ्या गाड्यांच्या मधून बाहेर येणं. तिचे डोळे जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर, उभी मोटार दीड मीटर उंच. तिला रस्ता दिसत नाही आणि चालकाला ती दिसत नाही. इथे थांबे दोन: पहिला फुटपाथच्या कडेला, दुसरा उभ्या गाडीच्या बाहेरच्या कोपऱ्याशी. रस्ता बघायचा तो दुसऱ्या थांब्यावरून. आणि त्या गाडीत कोणी बसलंय का, मागचा दिवा लागलाय का, हे आधी.
३. एक गाडी थांबते, चालक हात करून "जा" म्हणतो, मूल निघतं आणि थांबलेल्या गाडीच्या बाजूने दुसरी सुसाट येते. कोणी हात केला तरी नियम तोच: दोन्ही बाजू स्वतः बघायच्या आणि थांबलेल्या गाडीच्या कडेपाशी पुन्हा एकदा थांबून डोकवायचं.
४. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे हे पुस्तकात ठीक आहे. आपल्याकडे राँग साइडने येणारे धरून मध्यावर पोचल्यावरही दोन्हीकडे बघायला शिकवा. आणि कानांवर भरवसा नको, इलेक्ट्रिक स्कूटर आवाजाशिवाय अंगावर येते.
५. मोठ्यांसारखा हात दाखवत गाड्यांमधून वाट काढणं. तुम्ही तिच्यासमोर एकदाही असं केलंत तर वरचं सगळं विसरा.

शिकवायची पद्धत. पहिला आठवडा तुम्ही मोठ्याने बोलायचं: "डावीकडे रिक्षा, तिसऱ्या खांबाशी, थांबू. ती गेली, उजवीकडे मोकळं…" दुसऱ्या आठवड्यात तेच ती बोलणार आणि "आता" हा शब्द तिचा. ती म्हणेपर्यंत तुम्ही हलायचं नाही, ती म्हणाली की निघायचं. चुकली तर खांद्यावर हात ठेवून थांबवा, पण तिथे ओरडू नका. पलीकडे गेल्यावर विचारा, "कोणती गाडी राहिली होती?" तिसऱ्या आठवड्यात दहा पावलं मागून चाला. चौथ्यात गल्लीच्या तोंडाशीच थांबा.
लागोपाठ २० वेळा, त्याच वेळी, त्याच जागी, एकदाही न थांबवावं लागता ओलांडलं, तर तयार. एकोणिसाव्या वेळेला चूक झाली तर मोजणी पुन्हा शून्यापासून.
आणि एक बारीक खूण बघा. "आता" म्हणायच्या आधी ती मान वळवून तुमच्याकडे बघते का? अगदी निमिषभर, नकळत. बघत असेल तर निर्णय अजून तुमचाच आहे, तुमचा चेहरा वाचून ती निघते. अशा मुलाच्या वीस फेऱ्या बिनचूक झाल्या तरी त्या धरू नयेत. मागे थांबा, तिला दिसणार नाही असं उभं राहा आणि मग मोजा.

ओसरी
पायवाट यांनी रस्त्याचं सगळं सांगितलंय. मी उरलेल्या ६४३ मीटरबद्दल लिहिते.
"अनोळखी माणसाशी बोलू नकोस" हा नियम घरोघरी असतो आणि तो कुचकामी आहे. अडचण आली की तिला मदत अनोळखी माणसाकडेच मागावी लागणार. शिवाय मुलांवरच्या अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत माणूस ओळखीचाच निघतो, तिथे हा नियम काहीच करत नाही. त्याऐवजी: बोलायला हरकत नाही, बरोबर जायचं नाही, काही घ्यायचं नाही, दोन हात अंतर ठेवायचं. "आईने पाठवलंय, चल" असं कोणीही म्हणालं, अगदी शेजारचे काका असले, तरी परवलीचा शब्द विचारायचा. शब्द घरातला, विचित्र आणि लक्षात राहणारा हवा ("फणसपोळी" वगैरे). एकदा वापरला की बदलायचा.
वाटेत दोन थांबे ठरवा, मेडिकल आणि किराणा असे, संध्याकाळी हमखास उघडे असणारे. तिथे तुम्ही जाऊन ओळख करून देऊन भागत नाही. तिने स्वतः काउंटरवर जाऊन "काका, आईला एक फोन लावून द्याल का?" हे निदान दोनदा म्हणून बघायला हवं. खरी अडचण आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, तो सवयीनेच फुटतो. दोन मोबाइल नंबर तोंडपाठ, शिवाय १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२.
मग "असं झालं तर" ची उजळणी, चालता चालता: क्लास बंद असला तर? (तिथे थांबायचं नाही, सरळ घरी.) मैत्रीण म्हणाली "माझ्या घरी चल" तर? (आधी घरी विचारायचं.) कोणी मागे येतंय असं वाटलं तर? (जवळच्या थांब्यात शिरायचं, वाटणं खरं की खोटं हे तपासत बसायचं नाही.) कुत्रं भुंकत आलं तर? पळायचं नाही, हात अंगालगत, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हळूहळू मागे सरकायचं. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी घरी आल्या आल्या सांगायचं. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर, रेबीजची लस. हळद-चुना काही भरायचं नाही.
यात हमखास घोटाळा होतो तो सांगण्याच्या जागी. मूल ओरखडा लपवतं, कारण सांगितलं की क्लासला एकटं जाणं बंद होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधीच कबूल करा: जे सांगितलं जाईल त्यावर बंदी येणार नाही, फार तर आठवडाभर कोणी तरी सोबत चालेल आणि पुन्हा सुरू. पाळा मात्र. एकदा शब्द फिरवलात की पुढची पाच वर्षं तुम्हाला घरात काही कळणार नाही.

शंकेखोर
माझं मत वेगळं. नऊ हे वय लहान आहे, वरचं सगळं शिकवूनही. घाई कसली? वर्षभर थांबल्याने काय बिघडतं?
बाकी कायद्याचं म्हणाल तर अमुक वयाखालच्या मुलाला एकटं बाहेर पाठवू नये असा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत या प्रश्नावर इतके वाद झाले की यूटा राज्याने २०१८ मध्ये मुलांना एकटं शाळेत जाऊ देणं, खेळू देणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे असं कायद्यातच लिहून टाकलं.
(अवांतर: याच शहरात सोळाव्या वर्षी मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणारे पालक ढिगाने आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नवव्या वर्षी पायी पाठवायला भीती आणि सोळाव्या वर्षी गाडी, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.)

पायवाट
@शंकेखोर, नुसतं थांबल्याने काही बिघडत नाही, पण काही घडतही नाही. दहाव्या वर्षीही ते चार आठवडे लागणारच. वर्षभर दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून रस्ता ओलांडायला येत नाही. आजपासून सराव सुरू करा आणि एकटं पाठवणं दिवाळीनंतर ठेवा, याला माझी हरकत नाही. उलट पावसाळ्यात सुरू करूच नका. छत्री समोरचं झाकते, रेनकोटची टोपी बाजूचं झाकते आणि मूल मान वळवतं तेव्हा टोपी जागच्या जागी राहते. टोपीखाली पुढे झडप असलेली साधी कॅप घातली की टोपी डोक्याबरोबर वळते.
दिवाळीनंतरचाही एक खोडा आहे. नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. जाताना उजेड, येताना अंधार. अंधारातली फेरी ही वेगळी फेरी, तिची २० ची मोजणी वेगळी. गडद कपडे नकोत.
आणि गणपतीत मांडव पडले, रस्ता वळवला, कुठे खोदकाम निघालं, की पाठ केलेली जागाच राहत नाही. असा बदल झाला की तीन-चार दिवस पुन्हा सोबत.

राइनकाठ
जर्मनीत पहिलीतली मुलंही बरीचशी चालत शाळेत जातात आणि शाळाच पालकांना सांगतात की गाडी फाटकापर्यंत आणू नका. चौथीच्या सुमारास शाळेत सायकलची परीक्षा असते, पोलीस येऊन सराव करून घेतात. आठ वर्षं पुरी होईपर्यंत मुलाने सायकल फुटपाथवरूनच चालवायची, दहापर्यंत चालवली तरी चालते, असा वाहतुकीचा नियमच आहे. जपानात प्राथमिक शाळेची मुलं वस्तीवार गट करून जातात, मोठा मुलगा किंवा मुलगी पुढे.
पण यातलं उचलताना जपून. इथे जर्मनीत झेब्र्यावर पाय ठेवला की गाडी थांबते, तिकडे भारतात नाही. इकडून सुट्टीत येणाऱ्या मराठी मुलांचं तर दुहेरी अवघड: वाहतूक उलट्या बाजूने, त्यामुळे ती आधी चुकीच्या बाजूला बघतात, आणि झेब्र्यावर निर्धास्त असतात. त्यांना सवय आहे म्हणून एकटं सोडू नका.
उचलण्यासारखा आहे तो गट. सोसायटीतून त्याच क्लासला आणखी दोघं-तिघं जात असतील तर बघा. फक्त गटात मागची मुलं रस्ता बघतच नाहीत, पुढच्याची पाठ बघून चालतात. म्हणून नियम असा की प्रत्येकाने आपलं "आता" म्हणायचं. एकाने नाही म्हटलं तर सगळे थांबणार. आणि सगळ्यात मोठं मूल पुढे नाही, शेवटी.

अर्धं तिकीट
शहरातली चर्चा वाचतोय. गावाकडे हा प्रश्न चौथीनंतर आपोआप सुटतो, किंवा सोडवावा लागतो. जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत चौथीपर्यंतच, पाचवीला शेजारच्या गावी. मग दहा वर्षांचं मूल एसटीने नाही तर सायकलने. मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला पास मिळतो, पाचवीपासून.
तिथे शिकवायच्या गोष्टी तीनच, पण ठोकून. एक, उतरल्यावर एसटीच्या पुढून ओलांडायचं नाही. गाडी निघून जाईपर्यंत कडेला उभं राहायचं, मग रस्ता दिसतो. दोन, शेवटची गाडी चुकली तर कुठे जायचं ते घर आधी ठरलेलं: बाईंचं किंवा नातेवाइकाचं. स्टँडवर थांबायचं नाही, कोणाच्या दुचाकीवर बसायचं नाही. तीन, पास दप्तरात आणि परतीचे पैसे वेगळ्या खिशात.
हा तिसरा मुद्दा तुम्हालाही लागू. तिच्याकडे ५० रुपये द्या, दहाच्या नोटांत. पन्नासची एकच नोट दिली तर मूल सुट्ट्यांच्या भीतीने ती वापरतच नाही.

ओसरी
फोनबद्दल राहिलं होतं.
जीपीएसचं घड्याळ घ्यायचं तर हे ठाऊक असू द्या: इमारतींच्या दाटीत तो ठिपका वीस-तीस मीटर इकडेतिकडे उडतो, कधी पाच मिनिटं एकाच जागी चिकटून बसतो. मूल क्लासमध्ये रंग कालवत असतं आणि आई चप्पल पायात सरकवून निघालेली असते. दुसरं, फोन असला की आपण करतो. ती नेमकी रस्त्याच्या मध्यावर असताना "कुठे पोचलीस?" हा फोन म्हणजे आपणच घातलेला धोंडा. द्यायचाच तर साधा बटणांचा, दप्तरात, आणि करणार ती, तुम्ही नाही.
फोनपेक्षा वेळापत्रक उपयोगी. कागदावर लिहा: निघणं ४:४०, पोचणं ४:५०, क्लासच्या फोनवरून एक मिस्ड कॉल. ५:०० पर्यंत आला नाही तर तुम्ही क्लासला फोन करणार. ५:०५ ला घरातलं एक जण निघणार, ठरलेल्या वाटेनेच, आणि दुसरं घरी थांबणार. मुलीला हे माहीत हवं, म्हणजे मिस्ड कॉल विसरला तर काय होतं ते तिला कळतं. ठरलेली वाट तिने मनाने बदलायची नाही, हा एक नियम मात्र कडक.
आजी-आजोबांना पटवायला जाऊ नका, त्यांना परीक्षक करा. शेवटच्या पाच फेऱ्या आजोबांनी मागून चालत बघायच्या आणि त्यांनी "नाही" म्हटलं तर कोणती गाडी राहिली हे त्यांनीच सांगायचं. नुसतं "मला भीती वाटते" हे कारण धरायचं नाही. नवऱ्याशी मात्र आधी एकांतात ठरवा. काही बारीकसारीक झालं की "तुझंच खूळ होतं" हे वाक्य मुलीसमोर निघालं, तर पुढे ती काही मागणारच नाही.
आणि "मुलगी आहे म्हणून" हे कारण घरात निघत असेल तर तिथल्या तिथे विचारा: मुलगा असता तर कितव्या वर्षी पाठवला असता? जे उत्तर येईल तेच वय हिचं.

निळी छत्री
सगळ्यांचे आभार, हे हवं होतं तसंच. मोजमाप केलं. खांबांत २८ मीटर, म्हणजे चौथा खांब ११२ मीटरवर. पावणेपाचला पंधरा मिनिटांत अकरा वेळा दोन्ही बाजू मोकळ्या मिळाल्या. पण सहा वाजता येताना त्याच वेळात फक्त चार. शिवाय क्लासच्या बाजूने बघितलं तर डावीकडे बसस्टॉप आहे, बस उभी असली की दुसऱ्या खांबापलीकडचं काही दिसत नाही. आता?

पायवाट
मग जाणं एकटीने, येणं सोबतीने. दोन्ही एकाच दिवशी सुरू व्हायला हवं असं कुठे आहे? क्लास सुटायच्या वेळी आजोबांना पाठवा, पण क्लासच्या दारात नाही, रस्त्याच्या अलीकडे, गल्लीच्या तोंडाशी उभं राहू दे. क्लास ते रस्ता हे अंतर ती एकटी येईल. मग आजोबांनी ओलांडून तिच्याकडे जायचं आणि दोघांनी मिळून परत यायचं, "आता" तिनेच म्हणायचं.
दरम्यान बसस्टॉपच्या पुढे तीसेक मीटरवर ओलांडायला जागा आहे का ते बघा. तिथून सहा वाजता पुन्हा पंधरा मिनिटं मोजा, बस उभी असताना आणि नसताना वेगवेगळं.